पुदिन्यातली चिलटं

३ सप्टेंबर २०१७

ही डायरी बियाण्याच्या दुकानातून फुकट आलेली. प्रत्येक पानाच्या तळाशी कुठल्या अळीवर काय फवारायचं ते छापलंय. त्या ओळींवर मी ब्लाउजांच्या चिंध्या चिकटवल्या आणि मग लिहायला बसले. यावरून माझं डोकं सध्या किती ठिकाणावर आहे ते कळावं.

भीती वाटते, हे आधी लिहून टाकते. दीपा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. सातवा लागलाय. विक्की तिला सोडायला आला होता. जाताना म्हणाला, "मामी, आता तुमच्या हवाली." जावयाने सहज म्हटलं, पण तेव्हापासून मी तेच घोकत बसले आहे.

आमचं घर घाटंजीच्या अगदी टोकाला. मागच्या भिंतीला लागून पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, वावर. यंदा पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली आहे. फवारणारा माणूस आत दिसतच नाही, नुसती पंपाची घरघर येते आणि मग तो वास. पलीकडच्या गल्लीतला मारोती फवारून आला आणि अंगणातच आडवा झाला. त्याला यवतमाळला नेलंय. पेपरात रोज तेच. परवा बाजारात मेथीची जुडी नाकाशी धरली तर मला तोच वास आला. भाजीवाली म्हणाली, "काही नाई बाई, मातीचा वास हाय." मी जुडी परत ठेवली.

आज ठरवलं. दीपाच्या पोटात बाहेरच्या भाजीचं एक पान जाऊ द्यायचं नाही. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, पुदिना, सगळं घरातच लावायचं. अंगणात माकडं येतात आणि वावरातली फवारणीही येते, म्हणून पुढच्या खोलीत, खिडकीशी, खिडकी बंद ठेवून. तेलाचे पिपे कापले, रंगाच्या जुन्या बादल्यांना भोकं पाडली. शेणखत, गाळाची माती. औषधाचा थेंब नाही.

हे बाजूच्या शेडमधून, फवारणीचे पंप दुरुस्त करून घरी आले आणि दारातच थांबले. "घर हाय का नर्सरी?"

"आजोबा व्हायचं हाय ना? मंग गप बसा. अन् तो तंबाखूचा खर्रा बी सोडा."

त्यांनी खिशातली पुडी काढून चुलीत टाकली. चेहरा असा केला जसं मी दुकानच जाळलं.

१७ सप्टेंबर

पालक बोटभर झाला. पुदिन्याच्या काड्या शेजारच्या रशीदाभाभीने दिल्या होत्या, त्यांना पानं फुटली. आज पहिल्यांदा मेथीचा घोळाणा केला, कच्चा, तिखटमीठ आणि तेल घालून. पानं पिण्याच्या पाण्याने तीनदा धुतली. दीपा म्हणाली, "आई, अशी मेथी म्या जन्मात खाल्ली नाई." मला एवढा आनंद झाला की डोळे पुसायला स्वयंपाकघरात जावं लागलं.

चहात एक चिलट पडलं. काढून टाकलं.

२४ सप्टेंबर

चिलटं! कुंडीला हात लावला की काळा धूर उठावा तशी उठतात. चहावर, वरणावर, दीपाच्या तोंडापुढे. ती झोपली असते तेव्हा मी पदराने वारा घालत बसते. एक तिच्या नाकाशी गेलं तेव्हा मी ते पदरानेच टिपलं. कुठून येतात, काय चावतात, पोटातल्या बाळाला त्यांचं काही होतं का, कोणाला विचारावं?

कृषी केंद्रात विचारलं. तिथला पोरगा हसला. "काकू, दाणेदार औषध देतो. चिमूट चिमूट मातीत टाका. उद्या एक चिलट दिसलं तं माहं नाव बदला."

मी त्याला दुकानात बसलेल्या चार लोकांसमोर जे बोलले ते इथे लिहीत नाही. घरी आल्यावर मात्र आठवलं. त्याने पुडी उघडून दाखवली होती, वास माझ्या पदराला लागला असेल अशी शंका आली. साडी धुवायला टाकली, आंघोळ केली, मगच दीपाजवळ गेले.

२८ सप्टेंबर

रशीदाभाभीच्या घरीही चिलटं झाली आहेत. काड्यांसोबत तिकडूनच आली असतील, पण तसं बोलले नाही. शेजार टिकवायचा आहे. तिचा मुलगा आसिम नागपूरला नर्सरीत कामाला होता. त्याला तिने फोनवर विचारलं. तो म्हणाला की ही चिलटं झाडावर नाही, ओल्या मातीत अंडी घालतात. वरून पाणी घालणं बंद करा. कुंडी परातीत ठेवा, खालून पाणी पिऊ द्या, वरची माती कोरडी राहिली पाहिजे. वर बोटभर रेती पसरा. पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल लावून मातीत खोचा, चिलटं त्याला चिकटतात. आणि कच्च्या आलूची चकती मातीवर ठेवा, अळ्या तिच्याखाली जमतात.

सगळं केलं. संध्याकाळी आलूची चकती उलटली. बारीक, दोऱ्यासारख्या, पारदर्शक अळ्या, काळं डोकं. वळवळत होत्या. याच मातीतली मेथी मी माझ्या लेकीला खाऊ घालत होते.

दीपा म्हणाली, "आई, अळ्या मातीतल्या हायेत, मेथीतल्या नाई."

ती शांत आहे. तिच्या शांतपणाचीही मला भीती वाटते.

३० सप्टेंबर, दसरा

दरवर्षी आजच्या दिवशी आम्ही दीक्षाभूमीवर असतो. यंदा दीपामुळे नाही गेलो. घरीच वंदना घेतली, खीर केली.

गावाची जलवाहिनी कुठेतरी फुटली आहे म्हणे, नळ येत नाही. टँकरचं पाणी पिण्यापुरतं. झाडं माना टाकायला लागली. यांना म्हटलं तर म्हणाले, "शेडमधला डरम भरला हाय ना. घाल त्यातलं."

यांची एक सवय चांगली आहे. पंप दुरुस्त झाला की त्यात पाणी भरून चालवून बघतात आणि ते पाणी कधी वाया घालवत नाहीत, निळ्या ड्रममध्ये ओततात. हात धुवायला, अंगणात शिंपडायला होतं.

मी विचारलं, "वास-गिस नाई ना त्याले?"

"निव्वळ पानी हाय. मी बिनधुतला पंप हातातच घेत नाई. तीनदा धुवून आना, म्हनून पाटी लावली हाय दुकानाले."

हे खरं आहे. पाटी मीच रंगवून दिली होती. ड्रमात वाकून बघितलं, वास घेतला. लोखंडाचा येत होता, बाकी काही नाही. पराती भरल्या. कुंड्या गटागटा प्याल्या.

५ ऑक्टोबर

जिंकले!

चिलटं गेली. कुंडी हलवली तरी एक उठत नाही. आलूची चकती उलटली, अळ्या आहेत पण हलत नाहीत. दीपाला हाक मारून दाखवलं. त्या कृषी केंद्रातल्या पोराला बोलावून दाखवावंसं वाटलं. एक चिमूट विष न टाकता, फक्त आलू, रेती आणि पुठ्ठा!

रशीदाभाभी येऊन बघून गेली. तिने सगळं तसंच केलंय आणि तिची चिलटं जागची हलत नाहीत. मी जरा भाव खाल्ला. म्हटलं, "भाभी, रेती चाळून घेतली का? त्यातच सगळं हाय." रेती मीही चाळली नव्हती.

पालक तर असा काळाभोर झालाय! आता रोज करते, फक्त दीपापुरतं. सकाळी पुदिन्याची चटणी, दुपारी पालकाची भाजी, रात्री मेथी.

यांचं डोकं दुखतं. कामच तेवढं आहे, शेडसमोर पंपांची रांग लागलेली. नोझल तुंबलं की हे तोंडाला लावून फुंकतात आणि आवाजावरून सांगतात की कचरा कुठे अडकलाय. लोक बघत राहतात. कौतुक वाटतं मला, पण डोकं दुखेस्तोवर कशाला फुंकायचं?

९ ऑक्टोबर

हे चोरून खर्रा खातात. माझी खात्री झाली. सारखं तोंडात पाणी येतं, सारखे थुंकतात. मी म्हटलं, "नातवाची शपथ घेतलती ना?"

"नाई खाल्ला, शीला. बाबासाहेबांची आन."

शपथ एवढी मोठी घेतली म्हणून मी गप्प बसले. विश्वास मात्र बसला नाही.

दीपालाही मळमळतं. काल दोनदा ओकली. तिच्याही तोंडाला पाणी सुटतं, उशी ओली होते. पोटात कळा येतात आणि जातात. घाम तर एवढा की पोलकं बदलावं लागलं. दवाखान्यातल्या सिस्टरने तपासलं, म्हणाली, "आठव्या महिन्यात पित्त होतं. हलकं खा, हिरव्या भाज्या खा." मी म्हटलं, त्या बाबतीत काळजी नको. घरी येऊन पुदिन्याचा रस काढून दिला, अर्धा पेला. पित्तावर पुदिन्यासारखं काही नाही.

पण भीती जात नाही. चिलटांनी आधीच काही रोग आणून ठेवला असेल का? गेली खरी, पण जाताना काही सोडून गेली असतील?

१२ ऑक्टोबर

घाईत लिहितेय. सकाळी दीपा म्हणाली, "आई, कॅलेंडरवरचं दिसून नाई राह्यलं मले." मी तिला दाराशी उजेडात नेलं. डोळ्यांतली काळी बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी झाली होती. उजेडाने होते म्हणून आत आणलं. आत अंधारातही तेवढीच.

"बाळ हलून राह्यलं का?"

तिने पोटावर हात ठेवला. मग म्हणाली, "कालपासून कमी हाय."

मी ओरडले की काय केलं ते आठवत नाही. रशीदाभाभी आली, जीप बोलावली. घराची किल्ली तिच्याकडे दिली आणि म्हटलं, कुंड्यांना पाणी घाला. एवढ्यातही मला कुंड्या आठवल्या.

१३ ऑक्टोबर, यवतमाळ

बाळाचे ठोके आहेत. मंद आहेत, पण आहेत. सलाइन, इंजेक्शनं चालू आहेत.

डॉक्टर मॅडमने दीपाचे डोळे बघितले आणि पहिला प्रश्न विचारला, "ही फवारणीला गेली होती का?"

मला राग आला. शेजारच्या वॉर्डात फवारणीचेच लोक आहेत, एका खाटेवर दोघं दोघं. म्हणून इथे जो येईल त्याला तेच विचारायचं का? मी म्हटलं, "दवाखाना सोडला तं ती महिनाभर उंबऱ्याबाहेर नाई पडली. बाजारची भाजी नाई दिली मी तिले. घरात लावलेली, बिनविषाची भाजी खाते ती."

"घरात फवारणीचं औषध ठेवता?"

"ठेवत नाई."

त्या म्हणाल्या, "हिच्या अंगात ते कुठून तरी जातंय. आठवा."

मी रात्रभर आठवतेय. वाऱ्याने आलं असेल का? खिडकी बंद होती. माझी ती साडी? ती तर धुतली. यांना बघून मॅडमने त्यांचेही डोळे तपासले आणि त्यांनाही खाटेवर झोपवलं. हे म्हणत होते, "मले काय झालं? पोरीले पाह्या." नोझल फुंकण्याचं त्यांनी स्वतःच सांगितलं, तेव्हा मॅडम कपाळाला हात लावून बसल्या. यांचं तेवढ्याने कळलं. पण दीपाने कधी नोझलला हात लावलेला नाही.

इथलं जेवण दीपाला जात नाही. रशीदाभाभीला फोन करून सांगितलं, येताना घरचा पालक आणि पुदिना तोडून आणा. निदान ते तरी चांगलं पोटात जाईल.

१४ ऑक्टोबर

आज जे झालं ते लिहून काढल्याशिवाय मला श्वास घेता येणार नाही.

दुपारी रशीदाभाभी आली. हातात डबा, पिशवीत पालक-पुदिना. माझा उतरलेला चेहरा बघून मला हसवायला लागली. "शीला, तेरे पानी में कुछ तो बात है. नळ आलाच नाई, मंग तुमच्या डरमातलं दोन बाल्ट्या पानी नेलं म्या झाडायले. या वेळी ना रेती चाळली, ना नवा आलू ठेवला. अन् पाह्यते तं काय, सगळी चिलटं मरून पडली! एक नाई उरलं."

मी हसले. मग तिच्या पिशवीतल्या पालकाकडे बघितलं.

आलू तिनेही ठेवले होते, रेती तिनेही टाकली होती, तेव्हा तिची चिलटं मेली नव्हती. माझी मेली, ती कधी मेली? ड्रमातलं पाणी परातीत ओतल्यावर.

"भाभी, ते पानी जेबाले पाजलं नाई ना?" जेबा तिची नात, चार वर्षांची.

"नाई वो. भांडे बी नाई धुतले त्यानं. काहून?"

मी पिशवी तिच्या हातातून हिसकून घेतली आणि मॅडमच्या खोलीत गेले. तिथे खुर्ची होती, पण मी खालीच बसले. म्हटलं, "मॅडम, मी खाऊ घातलं. मीच. रोज तीन वेळा."

त्यांनी शांतपणे सगळं विचारून घेतलं. मी म्हटलं, पण पानं मी तीनदा धुवत होते. त्या म्हणाल्या, काही औषधं मुळांतून झाडात चढतात, ती धुतल्याने जात नाहीत. मग म्हणाल्या, "आज कळलं ते बरं झालं. आता तरी थांबेल."

यांना जाऊन सांगितलं तर उठून बसले. "होऊच शकत नाई. निव्वळ पानी हाय ते. मी सोता पेलो असतो. पाटी लावली हाय ना, तीनदा धुवून आना म्हनून."

"अन् धुतेत का लोक?"

"घाईत असतेत," म्हणाले. "इचारलं तं हो म्हनतेत." मग भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यांचे खांदे हलत होते. मी तिथून निघून आले, मला त्यांना धीर देता आला नसता.

दीपाला मीच सांगितलं. ती म्हणाली, "तुले काय माहीत होतं, आई." यापेक्षा तिने मला शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

१९ ऑक्टोबर, दिवाळी

दीपा आणि हे दोघंही सुधारताहेत. बाळ हलतं. दर वेळी हललं की ती माझा हात तिथे नेऊन ठेवते. मॅडमला मी रोज एकच विचारते, बाळाला काही होणार नाही ना? त्या रोज एकच सांगतात, "ठोके चांगले आहेत. बाकी जन्मल्यावर बघू." मला त्या "बाकी" शब्दाची भीती वाटते.

आज थोडा वेळ घरी जाऊन आले. निळा ड्रम तसाच भरलेला. तो ओतावा म्हटलं तर कुठे? नालीत ओतला तर खाली शेळ्या पाणी पितात. अंगणात ओतला तर पलीकडे रशीदाभाभीची बोअर. मी तिथेच उभी राहिले. शेवटी झाकण घट्ट बांधलं आणि त्यावर मोठ्या अक्षरात "विष" लिहिलं. यांच्या पाटीला वापरलेला तोच रंग. पंचायत समितीच्या कृषी विभागात विचारून आले, माणूस पाठवतो म्हणाले.

कुंड्या मात्र मुळासकट पोत्यात बांधल्या. पालक अजूनही काळाभोर होता.

२ नोव्हेंबर

सगळे घरी आलो. नळ आलाय. ड्रम नेला. यांनी नोझल साफ करायला सायकलचा पंप आणलाय, आणि गिऱ्हाइकाला समोरच पंप धुवायला लावतात, नाहीतर परत पाठवतात. दोन लोक भांडून गेले. जाऊ देत.

माझं मात्र काही खरं नाही. दीपा भात खाते, वरण खाते, हिरवं काही समोर आलं की मीच ताट ओढून घेते. पाण्याचा पेला भरते आणि हातात धरून उभी राहते. दिसत नाही, वास येत नाही, मग ओळखायचं कसं? नळाच्या पाण्यावर विश्वास ठेवायचा तर मी ड्रमावरही ठेवलाच होता.

काल एक नवीन मडकं आणलं. नदीकाठची माती, शेणखत, पुदिन्याची एक काडी. खाण्यासाठी नाही. रोज पिण्याच्या पाण्यातला एक तांब्या त्यात घालते, मुद्दाम वरून, माती चिखल होईस्तोवर. आसिमने जे जे करू नका सांगितलं होतं ते सगळं करते.

१० नोव्हेंबर

अजून एकही नाही. सकाळी उठले की आधी मडकं हलवते.

दीपा खाटेवरून बघत होती. "आई, तू चिलटायची वाट पाहून राह्यली का?"

"हो."

तिला वाटलं मी गंमत करते. हसली. पोटाला धरून हसली. मग माझं तोंड बघून म्हणाली, "रशीदामामीच्या घरची मेली, मंग येतील कुठून? खिडकी तं उघड."

दोन महिन्यांनी खिडकी उघडली. वावरातली फवारणी आता संपली आहे. वेचणी चालू आहे, बायकांचं बोलणं ऐकू येतं.

२३ नोव्हेंबर

मुलगी झाली. सोमवारी, घाटंजीच्याच दवाखान्यात. लहान आहे, अशक्त आहे, पण रडली. तिचं रडणं ऐकून हे बाहेर ओट्यावर बसून तिच्याहून मोठ्याने रडले. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं, हातपाय हलवून बघितले. म्हणाले, "आज तरी सगळं ठीक आहे. वरचेवर दाखवत राहा." आज तरी. मी हा शब्द गाठीशी बांधून घेतलाय.

आज तिला घरी आणलं. आंघोळ घालायची होती. पाणी तापवलं, पाटावर पाय पसरून बसले, पोरीला पायांवर घेतलं आणि तांब्या उचलला. हात पुढे जाईना. एवढीशी पोर, एवढीशी कातडी, आणि माझ्या हातातलं पाणी. दीपा म्हणाली, "आई, थंड होऊन राह्यलं." हे दारातच उभे होते, आत येत नव्हते. त्यांनाही तीच भीती असणार. मी तांब्या खाली ठेवला.

तेवढ्यात खिडकीतल्या पुदिन्याच्या पानावर काहीतरी हललं. काळं, तिळाएवढं. मी पोरीला दीपाकडे दिलं आणि उठून मडकं हलवलं. एक उडालं. मग दुसरं. मातीतून आणखी एक चालत वर आलं, पंख झटकत. याच नळाच्या पाण्यावर वाढलेली होती ती.

"काय झालं वो?" हे घाबरून आत आले.

"चिलटं आली," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.

मग परत बसले, पोरीला पायांवर घेतलं आणि आंघोळ घातली. ती जोरात रडली. एक चिलट येऊन माझ्या चहाच्या कपाच्या काठावर बसलं. मी हाकललं नाही.